फाइल नेमकी कोणत्या टेबलावर आहे?

प्रश्न : माझे माहेर मोहगावचे (तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा). पावणेदोन वर्षांपूर्वी नागपूरच्या मुलाशी माझे लग्न झाले. ते अमेरिकेत नोकरीला आहेत. लग्नानंतर तीन आठवड्यांनी ते परत गेले आणि 'ग्रीन कार्डला टाकले आहे' असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून मी सासर-माहेर करते आहे. कोणाला विचारले तर उत्तर एकच, 'प्रोसेस चालू आहे.' गावात बाया विचारतात, "काहून वं, अजून नाही गेली?" कोणी म्हणते, भारतीयांना पन्नास वर्षे लागतात. नागपूरचा एक एजंट म्हणतो, पैसे भरले तर सहा महिन्यांत काम होते. इतका उशीर का लागतो आणि मला यात काही करता येते का? (पत्र थोडे आटोपते घेतले आहे.)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात लग्नाची तारीख आहे, सासरच्या माणसांचे बोलणे आहे, एजंटाने सांगितलेली रक्कमही आहे. नाही तो एकच आकडा : अर्जाचा रिसीट नंबर.

अमेरिकेतला नवरा बायकोला कायमचे नेण्यासाठी जो पहिला अर्ज करतो तो आय-१३०. 'ही माझी कायदेशीर पत्नी आहे आणि हे लग्न खरे आहे' एवढेच त्यात सिद्ध करायचे असते. हा अर्ज तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, पोचला की खाते आय-७९७ नावाची पावती पाठवते. त्या पावतीवर तीन इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे दहा आकडे असा नंबर असतो. खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की अर्ज कुठवर आला ते कोणालाही दिसते. त्याला पासवर्ड लागत नाही की वकील लागत नाही. आज रात्री नवऱ्याशी बोलणे होईल तेव्हा त्या पावतीचा फोटो मागून घ्या.

मी यासाठी एवढा आग्रह धरतो, कारण कायद्याने ही फाइल तुमची नाही, त्यांची आहे. अर्जदार ते, तुम्ही लाभार्थी. खात्याचे पत्र जाते ते त्यांना किंवा त्यांच्या वकिलाला, आणि चौकशी करायचा हक्कही त्यांचाच. ज्या बाईचे आयुष्य त्या फाइलवर अडले आहे तिला सर्वांत शेवटी कळते, तेही 'चालू आहे' एवढ्या दोन शब्दांत. मला हे अन्यायाचे वाटते. तिथला कायदा आपण बदलू शकत नाही, पण घरातल्या घरात माहिती मिळणे तर आपल्या हातात आहे. पावतीचा फोटो मागणे म्हणजे नवऱ्यावर संशय घेणे नव्हे. आपल्याच लग्नाचा तो कागद आहे.

दुसरी गोष्ट नवऱ्याला स्पष्ट विचारायची : तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात, ग्रीन कार्डधारक आहात, की नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आहात? तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही, आणि उशिराचे अर्धे कोडे इथेच सुटते. आय-१३० भरण्याचा अधिकार फक्त नागरिकाला आणि ग्रीन कार्डधारकाला आहे. एच-१बीवर असलेला माणूस बायकोसाठी असा अर्ज करूच शकत नाही. आपल्याकडे 'ग्रीन कार्डला टाकले आहे' हे वाक्य फार ढिलाईने वापरतात. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की कंपनीने मुलाच्या स्वतःच्या ग्रीन कार्डचा अर्ज केला आहे. तसे असेल तर 'पन्नास वर्षे' ही गावातली वदंता अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नोकरीच्या वर्गातल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही आणि त्या रांगेत भारतीयांची गर्दी प्रचंड आहे. पण मग तुम्ही त्या रांगेसाठी मोहगावात बसून राहण्याचे कारणच नाही. एच-१बीवरच्या माणसाची बायको एच-४ व्हिसावर नवऱ्याकडे जाऊ शकते आणि तो अर्ज तुमचा तुम्हाला इथूनच करता येतो.

नवरा नागरिक असेल किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर ती पन्नास वर्षांची गोष्ट डोक्यातून काढून टाका. ती रांग निराळी, तुमची निराळी. मात्र या दोघांतही मोठा फरक आहे. नागरिकाच्या पत्नीसाठी वर्षाला इतकेच व्हिसा अशी मर्यादा कायद्यात नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला एफ-२ए नावाच्या वर्गात ठेवतात, आणि त्या वर्गाला सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला सुमारे ८८ हजार व्हिसा राखलेले आहेत. मुलेही त्यातच मोजली जातात. पंगतीच्या भाषेत सांगायचे तर नागरिकाच्या बायकोसाठी ताटे हवी तेवढी आहेत, वाढपी कमी म्हणून वेळ लागतो. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोसाठी ताटेच मोजून मांडली आहेत. एफ-२एमधल्या तीन चतुर्थांश व्हिसांना देशवार मर्यादा लागत नाही, त्यामुळे भारतीय म्हणून तुम्ही फारशा मागे पडत नाही.

ही मोजलेली ताटे कधी सरतील ते आधी सांगता येत नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांना व्हिसा मिळेल ते त्यात छापते. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत एफ-२ए वर्ग खुला होता, म्हणजे तारखेसाठी थांबावे लागत नव्हते. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये ती तारीख एकदम ८ सप्टेंबर २०२० वर गेली. आता आपला नंबर लागला असे समजून बसलेल्या जोडप्यांना एका महिन्यात तारीख पाहत बसायची पाळी आली. यात त्यांचे काहीच चुकले नव्हते. तुमचे प्रकरण याच वर्गात असेल तर पावतीवरची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे अर्ज दाखल झाल्याची तारीख, वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याचे बुलेटिन स्वतः पाहा. नवऱ्याची ग्रीन कार्डाची पाच वर्षे पुरी होत आली असतील तर त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज लांबवू नये. ते नागरिक झाले की तुमचा अर्ज मर्यादा नसलेल्या वर्गात जातो. मात्र ही बातमी खात्याला प्रमाणपत्राची प्रत जोडून कळवावी लागते, तिकडे कोणी आपण होऊन पाहत नाही. मधल्या काळात मूल झाले असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. एफ-२एमध्ये मूल आईच्या अर्जात सामावते. नागरिकाच्या वर्गात ते सामावत नाही, त्याच्यासाठी वेगळा अर्ज लागतो किंवा ते जन्मानेच अमेरिकी नागरिक ठरते का ते पाहावे लागते. ही गोष्ट नजरेतून सुटली तर आईचा व्हिसा येतो आणि लेकरू मागे राहते.

आता उशीर का, याकडे येतो. फाइल तीन टेबलांवरून जाते. पहिले यूएससीआयएसचे. दुसरे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी असलेले नॅशनल व्हिसा सेंटर. तिथे शुल्क, नवऱ्याच्या उत्पन्नाचे कागद आणि तुमची कागदपत्रे गोळा होतात. तिसरे अमेरिकेच्या वकिलातीचे. तुमच्या बाबतीत बहुधा मुंबईचे, वांद्रे-कुर्ला संकुलातले. गेल्या काही वर्षांत पहिल्याच टेबलावर वर्षाहून अधिक काळ जातो आहे. २० मार्च २०२० ला करोनामुळे जगभरच्या अमेरिकी वकिलातींनी नेहमीचे व्हिसाकाम थांबवले आणि तयार फाइलींचा ढीग साचला. यूएससीआयएस तर बव्हंशी अर्जांच्या शुल्कावर चालणारे खाते. त्याच वर्षी शुल्क आटले आणि नवी भरती थांबवावी लागली. तो अनुशेष पुढची कित्येक वर्षे पुरला.

पण सगळा उशीर तिकडचाच असतो असे नाही, आणि तुमच्या भागासाठी मला हे जरा विस्ताराने सांगायचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्यासह छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी घरांत बोलणे मराठीत होते, पण कागद हिंदीत आहेत. तुमची दहावीची अंकसूची भोपाळच्या मंडळाची. तिच्यात नाव आणि आडनाव, वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. नवऱ्याचे कागद महाराष्ट्राचे. त्यात आडनाव, नाव आणि मध्ये वडिलांचे नाव. लग्नानंतर सासरच्या कोणीतरी आधार कार्डावर तुमच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि त्यांचे आडनाव चढवले असेल. मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीत अजून माहेरचेच नाव असेल. पासपोर्टवर तिसरेच. लग्नात तांदळात नवे नाव लिहून घेण्याची रीत तुमच्या सासरी असेल तर लग्नपत्रिकेवर एक नाव आणि गृहप्रवेशाच्या फोटोखाली दुसरे. आपल्याला हे सगळे एकाच मुलीचे कागद आहेत हे सहज कळते. पोर्ट्समथच्या टेबलावरच्या माणसाला त्यात तीन बाया दिसतात. तो वाईट माणूस नसतो. त्याच्यापुढे कागद जुळत नाहीत, म्हणून तो आणखी पुरावा मागतो आणि फाइल बाजूला पडते.

गावाच्या नावाचेही तसेच. सौंसर इंग्रजीत कोणी 'न' घालून लिहितो, कोणी न घालता. मोहगाव कुठे नुसते, तर कुठे मोहगाव हवेली. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. तुमच्या जन्मदाखल्यावर छिंदवाडा आहे, नव्या रहिवासी दाखल्यावर पांढुर्णा. यात काही बेकायदा नाही आणि घाबरण्यासारखेही नाही. ऑनलाइन अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर आहे तसेच्या तसे लिहा, आणि जिल्हा वेगळा झाल्याची दोन ओळींची टीप सोबत ठेवा. आता नव्याने नाव बदलण्याच्या भानगडीत पडू नका. पासपोर्टावर जे नाव आहे तेच धरून चाला. बाकीच्या कागदांवर फरक असेल तिथे 'ही एकच व्यक्ती आहे' असे प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

जन्मदाखला आजच काढून बघा. आपल्याकडे जन्माची नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते, म्हणून कित्येक जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. नाव नंतर चढवून घेण्याची तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. जन्माची नोंदच नसेल तर तसा दाखला मिळवून, सोबत शाळेची टीसी, अंकसूची आणि जन्माच्या वेळची माहिती असणाऱ्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे लावावी लागतात. तुमच्या जन्माची माहिती असलेली आत्या किंवा मावशी आज धडधाकट असेल तर तिचे प्रतिज्ञापत्र आजच करून घ्या.

विवाह प्रमाणपत्राचे म्हणाल तर पत्रिका, आर्य समाजाचा किंवा मंगल कार्यालयाचा दाखला पुरत नाही. नोंदणी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. लग्न मध्य प्रदेशात झाले असेल तर २००८ च्या सक्तीच्या विवाह नोंदणी नियमांप्रमाणे, महाराष्ट्रात झाले असेल तर तिथल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे. ते हिंदीत किंवा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचे आणि खाली भाषांतरकाराने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असे लिहून सही करायची. पोलिसांचा ना-हरकत दाखला, म्हणजे पीसीसी, मात्र फार लवकर काढू नका. व्हिसाच्या कामासाठी तो दोन वर्षे धरतात. वैद्यकीय तपासणीही मुलाखतीची तारीख आल्यावरच, आणि वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. तिची मुदत आणखी कमी असते आणि व्हिसाची मुदत तिच्यावर ठरते.

लग्न खरे आहे याचा पुरावाही याच काळात साठवायचा. मुलगी पाहून ठरवलेले लग्न अमेरिकी अधिकाऱ्यांना नवे नाही. मुंबईत तर रोज अशीच लग्ने त्यांच्यासमोर येतात. स्थळ कोणी सुचवले, पहिल्यांदा कुठे भेटलात, लग्नाला किती माणसे होती, त्यानंतर नवरा कितीदा आला, हे ते विचारतात. हळदीचे, अंतरपाटाचे, दोन्ही घरची माणसे दिसतील असे थोडे फोटो पुरतात. व्हॉट्सॲपच्या बोलण्याची शेकडो पाने छापून देऊ नका, महिन्यातले एखादे पान निवडा. त्यापेक्षा वजनदार कागद म्हणजे नवऱ्याने विम्यात तुमचे नाव वारस म्हणून लावले असेल तर तो, तुमच्या खात्यात पाठवलेल्या पैशांची नोंद, आणि त्यांच्या येण्याजाण्याचे बोर्डिंग पास.

दुसऱ्या टेबलावर फाइल गेली की तुम्हालाही केस नंबर आणि लॉगिन मिळू शकते. ते मागून घ्या. इथे एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो : व्हिसासाठी पुढे या अशी सूचना आल्यावर वर्षभर तुमच्या बाजूने काहीच हालचाल झाली नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. सूचना येते ती बहुधा ईमेलने, आणि नवऱ्याने दरम्यान नोकरी बदलली, पत्ता बदलला, जुना ईमेल बंद केला तर ती कोणालाच दिसत नाही. याच टेबलावर नवऱ्याला आय-८६४ भरून द्यावा लागतो. त्याचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यपातळीच्या किमान १२५ टक्के आहे आणि बायकोचा भार तो पेलेल, अशी ती हमी. त्याची नोकरी गेली असेल किंवा त्याने करपत्रे भरलेली नसतील तर फाइल तिथेच थांबते, आणि पुष्कळ मुलगे ही गोष्ट संकोचाने घरी सांगत नाहीत. अशा वेळी तिथल्याच एखाद्या नातेवाइकाला किंवा मित्राला सहजामीनदार करता येते. पण त्याला नीट समजावून सांगा. ही जबाबदारी नवरा-बायकोच्या घटस्फोटानेही संपत नाही.

एजंटाबद्दल माझे मत स्वच्छ आहे : त्याला एक रुपयाही देऊ नका. आय-१३० लवकर काढण्यासाठी जादा शुल्क भरण्याची सोयच सरकारने ठेवलेली नाही. नोकरीच्या काही अर्जांना ती आहे, लग्नाच्या अर्जाला नाही. व्हिसा सेंटरचे शुल्कही अमेरिकेतल्या बँकेच्या खात्यातून ऑनलाइनच भरले जाते. म्हणून नागपुरात रोख रक्कम घेऊन 'व्हिसा सेंटरची फी भरतो' म्हणणारा माणूस ते पैसे कुठे भरणार, हे त्यालाच विचारून बघा. कागद भरायला मदत हवी असेल तर ती नवऱ्याने तिथल्या परवानाधारक वकिलाकडून घ्यावी.

उशीर खरोखरच तिकडचा असेल तर नवऱ्याला काय करता येईल? खाते प्रत्येक प्रकारच्या अर्जाला सध्या किती वेळ लागतो ते जाहीर करते. तेवढा काळ उलटला की 'माझा अर्ज मुदतीबाहेर गेला' अशी लेखी चौकशी करता येते. ती आधी करावी. मग आपल्या मतदारसंघातल्या काँग्रेस, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याच्या कार्यालयाला पत्र लिहावे. अशा विचारणा करणे हे त्या कार्यालयांचे नित्याचे काम आहे. नवऱ्याने एक संमतिपत्र सही करून दिले की ते खात्याला लिहितात. खासदाराच्या चिठ्ठीने नंबर पुढे लागत नाही, पण फाइल कशामुळे अडली याचे उत्तर पुष्कळदा मिळते. गंभीर आजारपण किंवा मोठी आर्थिक हानी असेल तर तातडीची विनंती करता येते. केवळ वेगळे राहावे लागते एवढ्यावर ती सहसा मान्य होत नाही.

सगळे उपाय थकले तर तिथल्या संघीय न्यायालयात मँडामसचा दावा असतो. न्यायालय खात्याला 'निर्णय घ्या' एवढेच सांगू शकते, 'व्हिसा द्या' असे नाही. विलंब अवाजवी आहे का हे ठरवण्याच्या कसोट्या १९८४ च्या एका निकालाने घालून दिल्या आहेत आणि न्यायाधीशागणिक निकाल वेगळा लागतो. वकिलाचा खर्च मोठा. दोन-चार महिन्यांच्या उशिरासाठी या वाटेला जाऊ नये. आणि व्हिसा नाकारलाच तर न्यायालयाकडून फार आशा धरू नये : जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योझ या नागरिक पत्नीच्या दाव्यात म्हटले की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळालाच पाहिजे असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. हा निकाल मला फार कठोर वाटला, पण तो तिथला कायदा आहे. म्हणून कागदांतली चूक आधीच शोधून काढावी असे मी वारंवार सांगतो आहे.

मुलाखतीच्या दिवशी कलम २२१(जी)चा कागद हाती पडला तर रडू नका. एखादा कागद कमी आहे किंवा आणखी तपास बाकी आहे, असा त्याचा अर्थ. मागितलेला कागद वर्षाच्या आत द्या.

'तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ का?' हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. अर्ज करायला बंदी नाही. पण टुरिस्ट व्हिसा मागणाऱ्याने आपण परत येणार हे पटवून द्यायचे असते, आणि कायमचे जाण्याचा तुमचा अर्ज त्याच सरकारकडे पडून असतो. बहुतेक वेळा नकार येतो. नकार आला तरी मूळ अर्जाला धक्का लागत नाही. मात्र 'लग्न झालेले नाही' किंवा 'अमेरिकेत माझे कोणी नाही' असे खोटे एकदा लिहिले तर ते आयुष्यभर आडवे येते. असा सल्ला देणारे लोक आहेत, म्हणून सांगितले.

आता एक अवघड गोष्ट. पावतीचा फोटो मागूनही आठवड्यामागून आठवडे आला नाही, वकिलाचे नाव सांगितले जात नाही, फोन कमी होत चालले, तर तो खात्याचा उशीर नव्हे. तसे असेलच असे मी म्हणत नाही. कित्येक मुलगे नुसत्या आळसाने किंवा नोकरीच्या भीतीने गप्प बसतात. पण शंका असेल तर माहेरच्या माणसांना सोबत घेऊन स्पष्ट विचारा. अनिवासी भारतीयांच्या लग्नातल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा स्वतंत्र कक्ष २००९ पासून काम करतो. मोहगावातूनही तिथे ऑनलाइन तक्रार करता येते.

लग्न ठरले तेव्हा तुम्ही शाळेतली नोकरी सोडली, असे तुम्ही लिहिले आहे. जमत असेल तर ती परत धरा, नाहीतर दुसरी बघा. व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घर विकू नका, तिकीट काढू नका, असे अमेरिकेची वकिलातच अर्जदारांना सांगते. आपल्या घरांत मात्र साखरपुडा झाला की मुलीचा राजीनामा आधी. सौंसरला, पांढुर्ण्याला किंवा नागपूरला जे काम मिळेल ते करा. पदवीच्या विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवा. तिथे शिक्षणाची समकक्षता ठरवायला ते लागतात आणि एकदा परदेशी गेल्यावर विद्यापीठाच्या खिडकीवर खेटे घालायला आपले म्हातारे वडील जातात. गाडी चालवायला शिका, लायसन्स काढा. बायांनी विचारले, "काहून वं, अजून नाही गेली?" तर सांगा, फाइल पोर्ट्समथला आहे, अमुक तारखेची आहे. नेमके उत्तर दिले की माणसे पुढचे कुचके बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीत ते यायचे म्हणतात आणि सासूबाईंना तिकिटाचा खर्च वायफळ वाटतो, असेही तुम्ही लिहिले आहे. सासूबाईंना माझ्या वतीने हात जोडून सांगा की मुलाला येऊ द्यावे. पावणेदोन वर्षांत तीन आठवडे हा संसार नव्हे, आणि अधिकाऱ्याच्या नजरेतही ते कमीच दिसते. ते ग्रीन कार्डधारक असतील तर मात्र सलग सहा महिन्यांहून जास्त इथे राहू नये, त्यांच्या नागरिकत्वाच्या मुदतीला बाध येतो.

या उशिराचा तुम्हाला एक फायदाही आहे, तो पदरात पाडून घ्या. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर दोनच वर्षांचे, अटींचे ग्रीन कार्ड मिळते. १९८६ च्या कायद्याने ही अट आणली. मग ते कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा आणखी एक अर्ज करायचा, पुन्हा पुरावे, पुन्हा वाट पाहणे. दोन वर्षे उलटून गेल्यावर प्रवेश केला तर थेट दहा वर्षांचे कार्ड. तुमची दोन वर्षे आता तीन महिन्यांवर आली आहेत. समजा व्हिसा लगेच मिळाला आणि दुसरा लग्नाचा वाढदिवस आठ-पंधरा दिवसांवर असला, तर तिकीट त्या तारखेनंतरचे काढा. आणि व्हिसावर अटींच्या वर्गाचा शिक्का असेल तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून वर्ग बदलून घ्या. त्यासाठी मूळ प्रमाणपत्र आणि त्याचे भाषांतर सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.